बाबांना पोहोचलेली गाडी

प्रिय आ-लोई,

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आई ठणठणीत आहे. पाकीट बघून तू दचकला असशील, कारण आपल्या घरातून पत्र जातं कधी आणि आपल्या घरी येतं कधी? बँकेचं, नाहीतर विजेच्या बिलाचं. पण तुला फोनवर गाठायचं म्हणजे ‘ताई, शिफ्ट लागली’, ‘ताई, इकडे रेंज नाही’, ‘ताई, आईला सांग मी जेवलो’. चार वर्षं झाली, तू जेवलास एवढंच आम्हाला कळतंय. म्हणून म्हटलं बसावं आणि लिहावं, कागद काही मध्येच कट करता येत नाही. अक्षराला हसू नकोस. कागदावर ग्रीसचे डाग पडलेत, ते पुसायच्या भानगडीत मी पडले नाही, पुसलं की पसरतात.

बातमी अशी की बाबांची लँडरोव्हर चालू झाली. हो, तीच. शेडमागे ताडपत्रीखाली पडली होती, जिच्यावर भोपळ्याचा वेल चढला होता आणि जिच्या बॉनेटवर गेल्या वर्षी चांगले सात-आठ भोपळे धरले होते, ती. आता ती घराशेजारच्या गॅरेजमध्ये उभी आहे, जिथे आपण कोबीचे क्रेट रचायचो तिथे. हिरवीगार, काचा लखलखीत, चारही टायर नवे. आणि ती दुरुस्त कोणी केली विचार. मी केली. सत्तावन्न वर्षांच्या तुझ्या बहिणीने, गुडघ्याखाली पोतं घालून, गाडीखाली सरपटत जाऊन केली. आपले मेकॅनिक सेल्वराजू अंकल भेटले तर सांगतील की सगळं त्यांनीच केलं, त्यांचं ऐकू नकोस. त्यांनी निम्मं केलं. उरलेला वेळ ते स्टुलावर बसून कोपी पीत होते आणि मला ‘पोरी, डावीकडे नाही, तुझ्या डावीकडे’ असं शिकवत होते.

तू विचारशील हे खूळ कुठून शिरलं डोक्यात. सांगते. गेल्या वर्षीच्या चेंगबेंगला आम्ही नेहमीसारखे बाबांचं थडगं साफ करायला निघालो, मी, आई आणि मोठे काका. त्याच्या आदल्या पावसाळ्यात डोंगरावरच्या पायऱ्या वाहून गेल्यात, हे तुला मी सांगितलं होतं की नाही आठवत नाही. आता वर जायला फक्त ती मळ्यामागची चिखलाची वाट उरलीय, शेजारच्या लाओच्या टोमॅटोच्या मागून जाणारी. मी आणि काका कोयता, झाडू, उदबत्त्या घेऊन कसेबसे चढलो. आईच्या गुडघ्यांना ते जमणार नव्हतं. ती खाली रस्त्यावर टोपली धरून उभी राहिली. त्या टोपलीत काय होतं माहितीय? अळकुड्यांच्या चकत्या, डुकराचं मांस घालून परतलेल्या, बाबा ताट चाटूनपुसून खायचे त्या. मी म्हटलं दे, मी वर नेते. नाही म्हणाली. आणि मग दोन्ही हात तोंडापाशी धरून तिने खालूनच हाक मारली, ‘म्हाताऱ्या! मला वर येववत नाही, तूच खाली उतर जेवायला!’ आजूबाजूच्या थडग्यांवरचे सगळे लोक हसले. आईपण हसली. पण घरी आल्यावर त्या चकत्या तिने जशाच्या तशा फ्रिजमध्ये ठेवून दिल्या.

लाओचा मुलगा बिचारा चांगला आहे. संध्याकाळी घरी आला, म्हणाला, ‘काकू, पुढच्या वर्षी मी माझ्या गाडीतून नेतो तुम्हाला वर, काही काळजी करू नका.’ आईने त्याला चहा पाजला, केक खाऊ घातला, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, ‘ज्या माणसाशी तुझा बाप पाण्याच्या पाइपावरून वीस वर्षं बोलला नाही, त्याच्या पोराच्या गाडीत बसून जाऊ तुझ्या बापाला भेटायला? उठून बसेल तो थडग्यात.’ बरं, बाकी कोणाला विचारावं तर त्या दिवशी सगळं क्वाला तेरला गाव आपापल्या माणसांना घेऊन आपापल्या डोंगरावर. मी पाठीवर घेते म्हटलं, तर ‘मी काय कोबीचं पोतं आहे?’ म्हणाली. म्हणजे उरलं काय? बाबांची गाडी. त्या वाटेवर ती आयुष्यभर माल भरून चढली-उतरली. मी तिथल्या तिथे ठरवलं, पुढच्या चेंगबेंगला आई याच गाडीतून वर जाणार. ठरवून टाकलं आणि मग आठवलं की गाडी तर आता आपली नाहीच.

तुला हे वाचताना वाईट वाटेल, म्हणून पटकन लिहून मोकळी होते. बाबांच्या दिवसांत, जाळून त्यांच्याकडे पाठवायला, तू ती कागदाची लँडरोव्हर करवून घेतलीस, तेव्हा मला ती फार आवडली होती. तेव्हा बोलायची सोय नव्हती, काकांच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. इतरांच्या बापाला कागदी मर्सिडीज जाळतात, ड्रायव्हरसकट, आणि आपले बाबा मागच्या सीटवर बसून करणार काय, त्यांना तर उलटी झाली असती. तू इपोहच्या त्या कारागिराकडे बसून राहिलास, हिरवा रंग नीट लावून घेतलास, मागे कागदाचे कोबी रचलेस. आणि त्याने नंबर काय घालू विचारलं तेव्हा तू आपल्या गाडीचाच नंबर सांगितलास. घराचा नंबर घालतात रे, नाहीतर गेल्याची तारीख घालतात. खऱ्या गाडीचा खरा नंबर घालून, ज्वाळांत घालून, मंत्र म्हणून पाठवली म्हणजे गाडीची मालकीच पाठवली की! काका सगळ्यांसमोर ओरडले, ‘जिवंत माणसांची गाडी मेलेल्याच्या नावावर केली या गाढवाने!’ आणि नेमकी सातव्या दिवशी आपली गाडी दारात बंद पडली. हँडल मारून मारून तुझे हात सोलले, पण ती खोकलीसुद्धा नाही. सगळे म्हणाले, झालं, बाबांना पोहोचली. तू मात्र बस स्टँडवर मला काय म्हणालास ते माझ्या कानात अजून आहे. म्हणालास, ‘मी दिलेलं काही त्यांना नकोच होतं, ताई. गाडीसुद्धा मोडून टाकली त्यांनी.’ तू मळा सोडून निघालास तेव्हा त्यांनी तुझ्या हातातून किल्ली काढून घेतली होती आणि मग दोन वर्षं दोघांनी तोंडं बंद ठेवली होती, ते तुझ्या मनातून गेलं नव्हतं. मी तोंड उघडेपर्यंत बस सुटली.

तर अशी ही दुसऱ्याच्या मालकीची गाडी मी भोपळे उतरवून घेऊन ट्रॅक्टरने गॅरेजात ओढून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका हजर. क्रेट उलटा घातला, बसले, आणि जे बसले ते वर्षभर बसले. मी बोल्ट काढायला गेले, बोल्ट तुटला, की काका म्हणणार, ‘बघ. तुझा बाप सोडत नाहीये.’ गिअरबॉक्स जागचा हलेना तेव्हा म्हणाले, ‘तिकडे तो आत्ता चढणीवर असेल, कसा निघेल?’ सेल्वराजू अंकलने पाना खाली ठेवला आणि म्हणाले, ‘काका, मग त्याला जरा उतरू दे, सपाटीला लागला की सांगा, आपण तेव्हा काढू.’ अंकल त्यांच्या देवांवर विश्वास ठेवतात, आपल्या भुतांवर नाही. पण त्यांनीही पहिल्याच दिवशी चारही चाकांखाली लिंबं ठेवली, वर कापूर ओवाळला. मी म्हटलं अंकल, गाडी तर चालतच नाही, लिंबं चिरडणार कशी? म्हणाले, ‘ठेवून तर देऊ. कधीतरी चालेल तेव्हा आयत्या वेळी कुठे शोधणार?’

लोई, गाडी उघडली आणि मी कपाळाला हात लावला. वरचं अंग ॲल्युमिनियमचं, त्याला काही होत नाही, म्हणून आपल्याला वाटायचं गाडी धडधाकट आहे. खाली चासी गंजून जाळी झाली होती. स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार. आत माती किती निघाली म्हणतोस? पन्नास वर्षांचा आपला मळाच होता त्यात. ओली काळी माती, कोबीची वाळकी पानं, एक चमचा, आणि उंदराचं एक अख्खं घर, बाळंतिणीसकट. ड्रायव्हरच्या पायाखाली बाबांनी काय केलं होतं माहितीय? पत्रा सडला तेव्हा रॉकेलचा डबा कापून ठोकला होता आणि तो सडला तेव्हा त्यावर चक्क सिमेंट ओतलं होतं. मी छिन्नीने ते फोडत होते आणि मोठमोठ्याने बाबांना शिव्या घालत होते. काका म्हणाले, ‘मेलेल्या बापाला असं बोलतात?’ मी म्हटलं, ‘जिवंत असताना बोलले असते तर सिमेंटचा अजून एक थर वाढला असता.’ आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘दोन थर!’ घरात ती इतक्या मोठ्याने बोलली ते मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

वेल्डिंग मी शिकले. हसू नकोस. पहिला महिनाभर माझं वेल्डिंग म्हणजे पक्ष्यांनी घाण केल्यासारखं दिसायचं, हे अंकलचे शब्द. मग हळूहळू हात बसला. चासीचा मागचा अख्खा आडवा भाग नवा केला, स्प्रिंगचे पाटे उतरवून पान न् पान घासलं, बुश बदलले, ब्रेकची सिलिंडरं नवी घातली. स्टिअरिंगचा तो पुढचा दांडा जाम बसला होता, तो काढायला तर चार दिवस लागले, रोज तेल सोडायचं, रोज ठोकायचं, रोज काकांचं ऐकायचं. लग्न केलं असतं तर नवऱ्याने इतका छळ केला नसता, असं मी म्हटलं. अंकल म्हणाले, ‘नवऱ्याचे स्पेअर पार्टही मिळत नाहीत, पोरी, तू बरं केलंस.’

एकदा पत्रा घासताना डॅशबोर्डच्या खाली खिळ्याने कोरलेली रेघ सापडली. तुझी उंची. तू ॲक्सिलरेटरपर्यंत पोचतोस की नाही ते बघायला बाबांनी तुला तिथे उभं केलं होतं, आठवतं? अकरा वर्षांचा होतास आणि सात क्रेट कोबी घेऊन तू ती गाडी मळ्यावरून खाली आणलीस. लाल दांडा पुढे टाकलास, पिवळा दाबलास, म्हणजे चारही चाकांना जोर आला, आणि ब्रेकला पायसुद्धा न लावता गिअरवर उतरवलीस. बाबा शेजारी बसून होते, हाताची घडी घालून. तोंडाने काही बोलले नाहीत. पण मी संध्याकाळी त्यांना आणायला कोपीच्या दुकानात गेले तर तिथे प्रत्येक टेबलाला तीच गोष्ट ऐकवत होते. क्रेट सातचे बारा झाले होते आणि वाटेत बाबांनी एक दरडही कोसळवली होती. तुला हे कोणी सांगितलं नसेल. तुझ्यासमोर ते सांगणार नव्हते, म्हणून मी सांगते. ती रेघ मी रंगाखाली जाऊ दिली नाही, कडेने चिकटपट्टी लावून ठेवली.

आता महत्त्वाचं ऐक. गाडी त्या दिवशी का बंद पडली ते आम्हाला सापडलं. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज सुटला होता. त्याच्या खपल्या नळीत जाऊन अडकल्या आणि नळी पार बुजली होती. मी ती नळी उन्हात धरून आरपार बघायला गेले, तर काळोख. अंकलने तारेने ढोसलं तेव्हा बचकभर लाल चुरा बाहेर आला. वर्षानुवर्षं साठत आलेला गंज तो, नेमका त्या दिवशी गच्च बसला. मी काकांच्या तळहातावर तो चुरा ठेवला आणि म्हटलं, ‘हे घ्या तुमचं भूत.’ काका बराच वेळ बोटाने तो चुरा ढवळत बसले. मग म्हणाले, ‘पण सातव्याच दिवशी का?’ या माणसापुढे मी हात टेकले. पण एक सांगू? त्या दिवसापासून काका बॅटरी धरायला लागले. आणि परवा नंबरप्लेट त्यांनीच पॉलिश करून आणली, स्वतः, कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्यावर ओरडल्याचं त्यांच्या मनाला लागून आहे, पण तोंडाने म्हणणार नाहीत. आपल्या घरातल्या पुरुषांना तो एक रोगच आहे, तू काही वेगळा नाहीस.

रंगावरून तर महाभारत झालं. काका म्हणाले लाल द्या, म्हणजे तो ओळखणारच नाही, गुपचूप वापरता येईल. अंकल म्हणाले, ‘अहो, तो नुसत्या आवाजावरून सांगायचा गाडी कुठल्या वळणावर आहे, त्याला तुम्ही रंगाने फसवणार?’ शेवटी हिरवाच दिला. चिनी नव्या वर्षाचे दिवस होते. सगळीकडे लाल कंदील आणि आमच्या गॅरेजात हिरवा धुरळा, आईच्या सुकत घातलेल्या सॉसेजवर हिरवे ठिपके. ती मला पाटा-वरवंटा फेकून मारणार होती, गुडघ्यांमुळे वाचले.

आणि मग नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी, शेवटची संत्री खाऊन झाल्यावर, आम्ही तिला हँडल मारलं. अंकलने मारलं, मी आत बसून चोक ओढला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक ढेकर. काका म्हणाले, ‘बघ.’ तिसऱ्यांदा तिने निळ्या धुराचा एक भपकारा सोडला, सगळं अंग झाडलं, आणि लागली धडधडायला! तोच आवाज रे लोई. मी आत बसल्या बसल्या रडायला लागले आणि अंकल बाहेर नाचायला लागले. लाओ त्याच्या मळ्यातून धावत आला. वीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या हद्दीत पाऊल टाकलं त्याने. दाराशी उभा राहून म्हणाला, ‘मला वाटलं म्हातारा आला.’ त्यालाही चहा दिला. गाडी हातभर पुढे घेतली तशी ताजी ठेवलेली चारही लिंबं फुटली, तेही अंकलने सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आई दारातून बघत होती. मी म्हटलं, चल बस, एक चक्कर मारू. तर मान हलवली. ‘त्याची गाडी आहे. तुझ्या भावाने रीतसर पाठवलीय. त्याला न विचारता मी बसायची नाही.’ अगं पण गंज होता, मी म्हटलं, नळीत गंज होता, काकांनासुद्धा पटलं. ‘गंज तुझ्याकडे असेल,’ म्हणाली, ‘गाडी त्याच्याकडे आहे.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर मरमर मेले ती कोणासाठी? चेंगबेंग तोंडावर आलाय आणि बाई दारात उभ्या. काकांनी तेवढ्यात तोंड घातलं, ‘मग विचारा ना त्याला.’

विचारलं. बाबांच्या फोटोपुढे उदबत्त्या लावल्या, कोपी ठेवली, बिनसाखरेची, आणि त्यांची ती जुनी नाणी घेतली. मी गुडघे टेकून म्हटलं, ‘बाबा, तुम्ही ती गाडी भरपूर चालवलीत, आता आईला वर आणण्यापुरती परत द्याल का?’ एक छापा एक काटा पडला तर होकार, दोन्ही काटे पडले तर नकार, आणि दोन्ही छापे म्हणजे बाबा हसतायत. टाकली. दोन्ही छापे. परत विचारलं, परत दोन्ही छापे. तिसऱ्यांदा मी प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला. परत हसले! अंकल दाराबाहेर चपला काढून उभे होते, तेही हसायला लागले. म्हणाले, ‘तुझं वेल्डिंग आठवत असेल त्याला.’ आई म्हणाली, ‘तुला विचारताच येत नाही. आण इकडे.’

तिने नाणी घेतली, ओंजळीत धरली, ओठांशी नेली आणि काहीतरी पुटपुटली. कोणालाच ऐकू आलं नाही. टाकली. दोन्ही काटे. नाही. मी डोळे मिटले. तिने परत उचलली, परत पुटपुटली, परत टाकली. नाही. काका म्हणाले, ‘बास, आता नको विचारूस.’ पण तिने तिसऱ्यांदाही टाकली. नाही. तिन्ही वेळा सपशेल नाही. मी तिथून उठले आणि गॅरेजात जाऊन त्या नव्याकोऱ्या टायरला अशी लाथ मारली की अंगठा अजून काळा आहे. मनात म्हटलं, तुम्ही हट्टी होतात, हट्टीच राहिलात, बायको खाली रस्त्यावर टोपली घेऊन उभी राहिली तरी चालेल पण गाडी सोडणार नाही. ब्रिंचांगचा तो कॅफेवाला कधीचा मागे लागलाय, त्याला जुन्या गाड्या दुकानापुढे ठेवून त्यात फुलझाडं लावायचीत. म्हटलं उद्याच फोन करते, लाव तुझी फुलझाडं. मी कापडाने हात पुसत होते तेवढ्यात काठीचा आवाज आला. आई. नव्या वर्षाचं जाकीट घातलेलं, केस विंचरलेले. गाडीच्या डाव्या दारापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘उघड. आणि खाली काहीतरी ठेव पाय द्यायला, ही पहिल्यापासून उंच आहे.’ मी तोंडात मारल्यासारखी उभी. ‘अगं पण बाबा नाही म्हणाले ना? तीनदा नाही म्हणाले!’

‘मी गाडीचं विचारलंच नाही,’ आई म्हणाली. क्रेटवर पाय ठेवून, माझ्या खांद्याला धरून वर चढली, सीटवर नीट बसली, पदर सावरावा तसं जाकीट सावरलं आणि समोरच्या काचेतून बघत राहिली. ‘गाडीचं काय विचारायचं? जेवढी त्याची तेवढी माझी. दोन्ही बाळंतपणांना याच सीटवर बसून गेले मी. गाडीचं मी निमित्त केलं. मला वर जायचीच भीती वाटत होती. तिथे त्याच्यापुढे उभी राहिले आणि त्याने पोराचं विचारलं तर काय सांगू? म्हणून आधी त्यालाच विचारलं, आ-लोईवर अजून राग आहे का तुझा? नाही म्हणाला. मला वाटलं चुकून पडली असतील नाणी, म्हणून परत विचारलं. तिसऱ्यांदा नुसतं ऐकायला बरं वाटलं म्हणून विचारलं.’ लोई, चार वर्षं हे ओझं ती एकटी वाहत होती आणि मी आपली तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. मग तिने मला हे पत्र लिहायला बसवलं. फोन नको म्हणाली, फोनवर तो ऐकून घेणार नाही, लिही. तिचं म्हणणं असं की या चेंगबेंगला गाडी वर तूच न्यायचीस, मी नाही. एवढं वेल्डिंग मी केलं, अंगठा माझा काळा झाला, आणि मी मागे उघड्यावर बसायचं, एका हाताने नैवेद्याचं भाजलेलं डुक्कर धरायचं आणि दुसऱ्या हाताने काकांना. मी भांडून बघितलं. ऐकत नाही. आणि खरं सांगू, मलाही तेच हवंय. मी मागे बसायला तयार आहे रे. तू ये.

तुझीच,
लानताई